उजव्या दंडावरचा दोरा

बापूकाका,

तुमच्या तेराव्याला तुमचं एवढं कौतुक झालं की तुम्ही असतात तर पानावरून उठून वाडीत निघून गेला असतात. अलिबागचे वकील बोलले, सरपंच बोलले, आणि ज्याला तुम्ही जन्मभर थापाड्या म्हणत आलात तो तुमचा शाळासोबतीही बोलला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की डॉक्टरांचा अंदाज कधी चुकला नाही. मी तेव्हा मठ्ठा वाढत होते. हातातलं भांडं खाली ठेवावं आणि सांगावं असं वाटलं, की एकदा चुकला होता, आणि तो मी चुकवला होता. पण पंगतीत असं कोण बोलतं? मी पुढच्या पानाकडे सरकले.

आज तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. परवा मी पालीजवळ जाऊन आले आणि कालपासून हे लिहायला बसले आहे. सात वर्षं एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. राहिली कसली, मी ती राहू दिली. दर दत्तजयंतीला मुंबईहून लाँचने रेवसला उतरायचे, तिथून एस.टी.ने चौलाला यायचे, तुमच्या झोपाळ्यासमोर बसायचे आणि न सांगता परत जायचे. तुमची भीती वाटत होती असं नाही. तुम्ही ओरडला असतात तर बरंच झालं असतं. तुम्ही ओरडणार नाही आणि नुसते माझ्याकडे बघाल, ही धास्ती होती.

मी स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी विधवा झाले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. वडील चौलात मास्तर. घरात मी काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून सगळेच मला कामं सांगायचे. तुम्ही जत्रेसाठी मुंबईहून आला होतात. आमच्या ओसरीवर बसून म्हणालात, "मास्तर, शांतेला नर्सिंगला घाला." आत्या आतून म्हणाली, "परक्यांचं रक्त नि घाण उपसायला का?" तुम्ही म्हणालात, "इथे तरी काय उपसतेय? विहीर नि तुमचे टोमणे." वडील हसले, आणि त्या हसण्यातून माझं सगळं पुढचं आयुष्य निघालं. हे ऋण मी तुम्हाला तोंडावर कधी बोलून दाखवलं नाही. तुम्हाला आवडलं नसतं. आता ऐकून घ्या, तुमचा नाइलाज आहे.

वॉर्डात तुम्ही डॉक्टर आणि मी सिस्टर. चौलात तुम्ही बापूकाका. ही दोन नावं मी कधी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. तुम्ही मात्र भर राउंडला "शांते" म्हणून हाक मारायचात आणि शिकाऊ डॉक्टर तोंड फिरवून हसायचे.

मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया तेव्हा आपल्याकडे नव्या होत्या. सर्जन छाती उघडायचे, शिवायचे आणि हात धुऊन निघून जायचे. पुढचे पंधरा दिवस मूल तुमचं. त्या पंधरा दिवसांत सगळ्यात मोठा वाद असायचा तो रक्ताचा. मूल फिकट दिसतं, छातीत घातलेल्या नळीतून लाल पाणी येतं, आणि प्रश्न असतो की आणखी एक बाटली द्यायची की थांबायचं. आईबापांना बाटली हवीच असायची. शेजारच्या खाटेवरच्या पोराला लागली, आमच्या पोराला का नाही? बापाने दंड पुढे करून तयारच राहायचं. शिकाऊ डॉक्टरांनाही बाटली हवी असायची, कारण बाटली लावली की कागदावर काहीतरी केल्याचं दिसतं.

तुम्ही थांबणारे. मुलाची पापणी ओढून बघायचात, नखं दाबायचात, आणि शेवटी पांघरुणात हात घालून पाय चाचपायचात. "पाय गरम आहेत. लघवी होतेय. खायला मागतेय. मग घाई कुणाला आहे?" एकदा एका तरुण डॉक्टरने फारच आग्रह धरला तेव्हा तुम्ही त्याला बाजूला घेतलंत. म्हणालात, "दुसऱ्याचं रक्त आहे ते, सरबत नव्हे. त्यातून काय काय येतं ते आपल्याला अजून नीट ठाऊकही नाही. गरज असेल तर क्षणभर थांबू नकोस. पण आपल्याला बरं वाटावं म्हणून द्यायचं नाही." मी शेजारी ट्रे धरून उभी होते. हे वाक्य मी त्या दिवशी डॉक्टरांसाठीचं म्हणून ऐकलं.

चंद्री आली ती पौषात. सात वर्षांची, पण पाचाची दिसायची. जन्मल्यावर हृदयाजवळची जी नळी आपोआप मिटायला हवी ती तिची उघडीच राहिली होती. चार पावलं चालली की धाप, आणि पावसाळाभर खोकला. बाप गिरणीत कामाला. आई यमुना पालीजवळच्या एका गावात भातशेती बघायची. (नावं मी बदलली आहेत. हे पान कधी कोणाच्या हाती लागलंच, तर त्या बाईपर्यंत जाता कामा नये. का, ते पुढे येईल.)

चंद्रीच्या उजव्या दंडाला एक काळा-लाल दोरा होता. बल्लाळेश्वराच्या पायाशी ठेवून, अंगारा लावून बांधलेला. पोरगी बरी होऊन देवळाची पायरी चढेपर्यंत तो काढायचा नाही, असा यमुनाचा नवस होता. शस्त्रक्रियेआधी असले सगळे दोरे, ताईत कापायचे असा वॉर्डाचा नियम. मेट्रनच्या खिशात कात्री असायचीच. यमुना माझ्याकडे आली, कारण माझ्या बोलण्यावरून तिने ओळखलं होतं की मी तिकडचीच. म्हणाली, "बाय, त्येवडा दोरा राखा. त्या हाताला सुई नगं, नि त्या दोऱ्यावर काय बांदू बी नगा. मंग माज्याकडनं चूक न्हाय व्हायची."

मुंबईची मुलगी असती तर समजूत घालून कात्री चालवली असती. मी चौलाची. माझ्या धाकट्या भावाच्या दंडावर आईने असाच दोरा बांधलेला मी पाहिला होता, आणि तो नदीवर पोहताना सुटला तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. मी चंद्रीच्या दंडावर दोऱ्याभोवती सैलसर बँडेज गुंडाळलं आणि मेट्रनला सांगितलं की जुनी जखम आहे. तुम्हाला मात्र खरं काय ते कळलं होतं. तुम्ही बँडेजकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि म्हणालात, "तुमच्या कोकणातल्या देवांना सर्जनवर एवढा अविश्वास का गं?" आणि पुढच्या खाटेकडे गेलात. तुम्हीही चौलाचेच की.

शस्त्रक्रिया चांगली झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी चंद्री थोडी फिकट वाटली, नाडी थोडी जलद. तुम्ही म्हणालात, हिमोग्लोबिन करून घ्या. नमुना माझ्याकडे. तुमच्या वॉर्डात मुलांचा नमुना मीच काढायचे, त्याचा मला केवढा तोरा होता.

डाव्या हातात सलाइन चालू होतं. नमुना उजव्या हातातून काढायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही माहीत असतं. मी उजवा हात उचलला. दंडावर पट्टा आवळायचा तर नेमका दोऱ्यावर आवळावा लागणार होता. यमुना उशाशी उभी होती. ती नुसतं माझ्या हाताकडे बघत होती. आणि चंद्री सुई दिसताच रडायला लागली. छातीला टाके असलेलं मूल रडतं तेव्हा ते आवाजही करू शकत नाही, नुसतं तोंड उघडतं.

मी उजवा हात खाली ठेवला. सलाइन बंद केलं, नळी सोडवली, आणि डाव्या हातात होती त्याच सुईतून रक्त ओढून घेतलं. नवं टोचणं नाही, रडणं नाही. अशा वेळी पहिलं रक्त टाकून द्यायचं असतं, कारण त्यात सलाइनचं पाणी मिसळलेलं असतं. तेही मला ठाऊक होतं. पण एवढ्याशा पोरीचं रक्त बेसिनमध्ये ओतायचं माझ्या जिवावर आलं. तेच मी बाटलीत भरलं आणि पाठवून दिलं. यमुनाने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आकडा आला सात.

तुम्ही कागद वाचलात आणि चंद्रीच्या खाटेपाशी जाऊन बसलात. पापणी बघितलीत. नखं दाबलीत. पांघरुणात हात घातलात. चंद्री तुम्हाला म्हणाली, "मना पेज पायजे, मीठ घातलेली." तुम्ही कागद पुन्हा वाचलात.

"शांते, ही मुलगी सातची वाटत नाही."

मी म्हणाले, "आकडा आलाय ना, डॉक्टर."

"परत एकदा काढून बघू."

आणि मी म्हणाले, "परत टोचायचं? आत्ताशी कुठे शांत झालीय. बाटली जुळवून आलेली आहे, देऊन टाकू या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. किती वेळा मी तो क्षण आठवला असेल. तुम्ही म्हणालात, "तू काढलेला नमुना म्हणजे शंका घ्यायला नको." आणि अर्धी बाटली, सावकाश, असं लिहून दिलंत. माझ्यावरच्या विश्वासाने लिहून दिलंत. मी स्वतः ती बाटली टांगली. यमुना हात जोडून त्या लाल बाटलीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सलाइन काढलं होतं, नमुना सरळ शिरेतून घेतला. आकडा आला साडेअकरा. तुम्ही हसलात. "अर्ध्या बाटलीने एवढी झेप? त्या लॅबमधल्या माणसाला चष्मा द्या." मी त्याच क्षणी समजले. कालचं सात हे सात नव्हतंच. पोरीला त्या रक्ताची गरज नव्हती. मी तो कागद फाइलला लावून टाकला. मुलगी छान होती, खात होती, मग सांगायचं कशाला? दहाव्या दिवशी ती चालत घरी गेली, दोरा दंडाला तसाच.

शिमग्याच्या सुमारास तिला कावीळ झाली. गावात आठ दिवस एका माणसाकडून कावीळ उतरवून घेतली. त्याने चुन्याच्या पाण्यात हात बुडवून ते पिवळं करून दाखवलं, आणि घरच्यांना वाटलं निघाली. मग ती दिवसा झोपायला लागली, आईला ओळखेनाशी झाली. तेव्हा आणली. आपल्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर, चौथ्या दिवशी सकाळी गेली. आंघोळ घालायला मी होते. छातीवरचा व्रण सुरेख भरून आला होता. सर्जनने बघितला असता तर खूश झाला असता.

तुम्ही यमुनाला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवलंत आणि सरळ सांगितलंत. "ही कावीळ दिलेल्या रक्तातून आली. ते रक्त द्यायचं मी ठरवलं होतं." असं सांगणारा डॉक्टर मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. नवऱ्याने मान खाली घातली. यमुना म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केलं?" मी दाराशी उभी होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं.

त्यानंतर तुम्ही बदललात. चीनशी लढाई सुरू झाली तेव्हा शहरभर रक्त द्यायला रांगा लागल्या, आणि एका सभेत भाषण करायला तुम्हाला बोलावणं आलं. तुम्ही गेला नाहीत. मला म्हणालात, "द्या म्हणून सांगायला शंभर जण आहेत. कधी देऊ नये ते सांगायला मला कोणी बोलावत नाही." वर्षभराने निवृत्ती घेऊन चौलाला आलात, वाडीतल्या सुपाऱ्या आणि गावातले खोकले सांभाळायला.

आणि आपला वाद. दर दत्तजयंतीला तोच. झोपाळ्याला पायाने झोका देत तुम्ही म्हणायचात, "मी मुलीकडे बघितलं, माझी खात्री पटली, आणि तरी मी कागदावर विश्वास ठेवला. तीस वर्षं डॉक्टरकी केली ती कशासाठी?" आणि मी म्हणायचे, "आकडा सात होता, बापूकाका. कोणीही दिलं असतं." सातचा आकडा मी तुमच्यासमोर ढालीसारखा धरायचे, तुम्हाला वाचवायला. खोटा आकडा, माझ्याच हातचा. काकू आतून ओरडायच्या, "पुरे की आता, पोरगी वर्षातून एकदा येते." याच्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. चूक तर चूक, पण त्या चुकीने मी तुमचं सांत्वन करत होते.

मग एका वर्षी तुम्ही विषय काढलाच नाहीत. मीच चाचरत म्हणाले, त्या चंद्रीच्या वेळी, तर तुम्ही म्हणालात, "शांते, सुपारी सोलायला बसतेस का माझ्याबरोबर?" दुपारभर सोलत बसलो. तुम्ही मला कोयती धरायची रीत दाखवलीत, जशी काही मी चौलाची नव्हतेच. मला वाटलं, काळ गेला, तुमचं दुःख बोथट झालं. सुटले असं वाटून मी परतीच्या लाँचवर पोटभर रडले. त्यानंतर तुम्ही कधीच तो वाद घातला नाहीत.

गेल्या महिन्यात काकूंची तार आली आणि मी रजा टाकून आले. पोटातल्या जुन्या व्रणातून रक्त जात होतं. अलिबागच्या डॉक्टरांनी डाव्या हाताला सलाइन लावलं आणि म्हणाले, नमुना काढा, मुंबईहून रक्त मागवायचं का ते ठरवू. मी सुई उकळून आणली. मी काही म्हणायच्या आत तुम्ही उजवा हात पांघरुणाबाहेर काढलात, बाही वर सारलीत, आणि हात माझ्यापुढे धरलात. "हा घे. याच हातातून." आणि माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, म्हातारपणीही डॉक्टरकी सुटत नाही. मी हसून म्हणाले, "ठाऊक आहे हो मला." तुम्ही म्हणालात, "ठाऊक आहे तुला, ते मला ठाऊक आहे."

रक्त मागवायला तुम्ही नकार दिलात. या वयात माझ्यासाठी कोणाची बाटली अडकवू नका, म्हणालात. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही म्हणालात, "शांते, पाय बघ गं." मी पांघरुणात हात घातला. बर्फ. मी म्हणाले, "गरम आहेत, बापूकाका." तुम्ही डोळे मिटूनच म्हणालात, "नमुना चांगला घेतेस. खोटं मात्र तुला कधी जमलं नाही." काकू वाटी घेऊन आत आल्या. त्यानंतर तुम्ही काही बोलला नाहीत.

तेरावा झाल्यावर काकूंनी मला बाजूला घेतलं. "पालीजवळ एक बाई आहे. दर माघात हे तिच्याकडे जायचे. तिला कळवायला हवं." तुम्ही माघी जत्रेला पालीला जाता हे मला ठाऊक होतं. जन्मभर देवळाबाहेर चपला राखत उभे राहणारे तुम्ही म्हातारपणी देवभोळे झालात म्हणून मी तुम्हाला किती चिडवलं होतं. तुम्ही म्हणायचात, "देवाला नाही, पेढ्यांना जातो." काकूंनी गावाचं नाव सांगितलं, ते चंद्रीचं गाव होतं.

जाताना एस.टी.त मी ठरवलं, आता यमुनाला सगळं सांगायचं. तुम्ही गेलात, तुम्हाला सांगायचं राहिलं. निदान जिची मुलगी होती तिला तरी खरं कळू दे, मग ती मला शिव्या देवो की दारातून हाकलून देवो. मला हलकं व्हायचं होतं. इतकं हलकं की नागोठण्याला उतरल्यावर चहासुद्धा गोड लागला.

यमुनाचे केस पांढरे झालेत. तिने मला लगेच ओळखलं. तुम्ही गेलात हे सांगितल्यावर ती पदर तोंडाशी धरून ओट्यावर बसली. मग बोलायला लागली.

"पयल्या साली आले तवा आमचे हे जेवत नव्हते. म्हनायचे, मी रगत दिलं, माज्या रगतानंच पोर गेली. गिरनी सोडून आले, नि नुसते बसून ऱ्हायचे. डाक्टरांनी सांगलं, तुजं रगत तुज्या पोरीला जुळत न्हवतं, ते दुसऱ्या पोरीला दिलं, नि ती पोर जित्ती हाय, शाळेत जाते. तवा कुठं ते जेवले. मंग डाक्टर दर साली यायचे. देवळात न्हाय जायचे. हितंच, ह्या वट्यावर."

मी म्हणाले, "यमुनाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आदी माजं आयका, बाय. तिसऱ्या साली मी त्यांना तुमचं सांगलं. म्हनलं, डाक्टर, तुमची शांताबाय लय मायेची. समदी आस्पत्री दोरा कापाया बगत व्हती, तिनं राखला. त्या हाताला सुई बी लावली न्हाय. रगत काडलं ते सलायनच्याच सुईतनं काडलं, पोरीला परत टोचलं न्हाय. आयच्या जागी व्हती ती."

मी विचारलं, "मग? डॉक्टर काय म्हणाले?"

"काय न्हाय. च्या तसाच ऱ्हायला, साय धरली त्यावर. मंग म्हनले, व्हय, मायेची हाय ती. नि म्हनले, ह्ये आता दुसऱ्या कुनाला सांगू नको. आस्पत्रीत दोरा राखलेला चालत न्हाय, तिच्या नोकरीला बाद येल. म्या कुनाला सांगलं न्हाय, बाय. आज तुमास्नीच सांगते."

तिसरं वर्ष. माघात तुम्ही तिच्याकडे हे ऐकलंत, आणि पुढच्या दत्तजयंतीला मला सुपारी सोलायला बसवलंत. चार वर्षं तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुमची नजर चुकली नव्हती, नमुना चुकला होता, हे कळूनही तुम्ही तो दोष आपल्याच नावावर ठेवलात. मी त्या ओट्यावर बसून तुमच्यावर भयंकर चिडले, बापूकाका. एवढं मोठं होण्याचा तुम्हाला काय अधिकार होता? एकदा विचारायचं होतंत. शांते, तू असं केलंस का? मी हो म्हणाले असते. नक्की म्हणाले असते, असं आता वाटतं.

मग यमुनाने विचारलं, "तुमी काय सांगत व्हतात?"

तिच्या चेहऱ्याकडे बघताना मला ते दिसलं, जे तुम्हाला चार वर्षांपूर्वी याच जागी दिसलं असणार. मी सांगितलं असतं की त्या सुईतून रक्त काढलं म्हणून आकडा चुकला, म्हणून नको ते रक्त दिलं गेलं, तर तिने मला एकच विचारलं असतं. त्या सुईतून का काढलं, बाय? आणि त्याचं उत्तर तिच्या पोरीच्या दंडावर होतं. तिने स्वतःच्या हाताने बांधलेलं. नवरा स्वतःचं रक्त वाईट म्हणून जेवत नव्हता, त्याला तुम्ही उठवलंत. हिला कोणी उठवलं असतं? मी हलकी होऊन संध्याकाळच्या एस.टी.ने निघून आले असते, आणि ती तिथेच राहिली असती.

आपल्याला बरं वाटावं म्हणून द्यायचं नाही.

"काही नाही," मी म्हणाले. "डॉक्टर तुमची आठवण काढायचे, एवढंच सांगायचं होतं." खोटं मला या वेळी जमलं. तुम्ही असतात तर तुम्हालाही कळलं नसतं, किंवा कळलं असतं आणि तुम्ही सुपारी सोलायला घेतली असती. सात वर्षं जे सांगायला मी घाबरत होते ते आता सांगायचंच नाही. ते माझ्यापाशी राहील. तुमच्यापाशी होतं तसंच. मला क्षमा करा असं लिहिणार होते, पण ती तुम्ही चार वर्षं करत होतात आणि मला पत्ता नव्हता.

मी निघायला उठले तर यमुना म्हणाली, "थांबा," आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काळा-लाल दोरा होता. माघात देवाच्या पायाशी ठेवून आणलेला. दर वर्षी एक आणते, म्हणाली. कोणासाठी ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"पोरीचा तुमी राखलात. ह्यो तुमचा."

मी डावा हात पुढे केला. ती म्हणाली, "उजवा द्या, बाय." मी बाही वर सारली आणि उजवा हात तिच्यापुढे धरला.